मदत हवी आहे: वायवाशला निघायचंय आणि स्टोव्ह नीट जळत नाही

वाटसरू_पुणे
दोघे जण पेरू देशात वाराझ गावी आहोत. परवा पहाटे चिकियानमार्गे वायवाश डोंगररांगेच्या ट्रेकला निघायचंय. पूर्ण फेरी, सिउला आणि सान अंतोनियो खिंडी धरून, गाढवं न घेता. स्टोव्ह पेटतो, पण ज्योत पिवळी, भांड्याला काजळी, आणि दोन-तीन मिनिटांत फडफडून विझतो. पंप मारून हात दुखले. भारतात उत्तम चालायचा. जेट (इंधन बाहेर पडायचं बारीक भोक) साफ केलंय. हातात उद्याचा एकच दिवस आहे, लवकर सांगा.

कातळमाथा
पंप म्हणताय म्हणजे बाटलीत द्रव इंधन भरायचा स्टोव्ह असणार. इंधन कोणतं भरलंय आणि कुठून घेतलं? जेट पेट्रोलचं की रॉकेलचं? भारतात कशावर चालवत होतात? हे कळल्याशिवाय सगळे अंदाजच.

डोंगरवेडी
एवढा खटाटोप कशाला? वाराझच्या ट्रेकिंगच्या दुकानांत आट्यांचे, फिरवून बसवायचे गॅसचे डबे आणि छोटे बर्नर मिळतात. दोघांना आठ-नऊ दिवसांसाठी 450 ग्रॅमचे दोन डबे घ्या आणि निघा.

कातळमाथा
डोंगरवेडी, तिथे मे ते सप्टेंबर मुक्कामाच्या जागी रात्री पारा शून्याच्या बराच खाली असतो. पहाटे चहाच्या वेळेला डबा गारठलेला असतो, दाब राहत नाही.

डोंगरवेडी
अर्धंच खरं. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून गॅसचा उत्कलनांकही खाली येतो. नुसतं ब्युटेन समुद्रसपाटीला शून्याच्या आसपास मान टाकतं, पण 4,300 मीटरवर त्याहून दहा-बारा अंश खालीपर्यंत वाफ देतं. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण त्याहून खूप बरं. डबा रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवायचा. त्रास होतो तो डबा संपत आल्यावर, कारण शेवटी प्रोपेन कमी उरतो.

अवलिया_ठाणे
स्टोव्हचं होईल हो, आधी हवामानाला सरावलात का? वाराझ 3,050 मीटर, तर क्वार्तेलवाइनचा पहिलाच मुक्काम 4,170 मीटरवर. चुरुप तलाव करून आलात का? उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी?

वाटसरू_पुणे
ते सगळं झालंय. स्टोव्हचं बोला प्लीज. बाटलीचाच आहे, भारतात पंपावरचं पेट्रोल, जेट तेच. इथे फेरेतेरियातून, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातून, लिटरची बाटली घेतली. दुकानदार म्हणाला स्टोव्हला चालेल. लेबलवर "आगुआर्रास" आहे.

कातळमाथा
सापडलं. आगुआर्रास म्हणजे रंग पातळ करायचं टर्पेंटाइनसारखं द्रव. पेट्रोलपेक्षा जड, तुमच्या नळीत पुरती वाफ होत नाही, म्हणून पिवळी ज्योत आणि काजळी. मागायचं ते "बेन्सिना", म्हणजे स्टोव्हसाठीचं पेट्रोलसारखं हलकं, स्वच्छ इंधन. उद्या सकाळी असं करा:

दुकानातच एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. बेन्सिना थोड्याच वेळात उडून जातं, डाग राहत नाही. तेलकट डाग राहिला तर घेऊ नका.

बाटली रिकामी करा, थोड्या बेन्सिनाने खळबळून तेही काढा. नळीतली तार पूर्ण बाहेर ओढा, काजळी फडक्याने पुसा, दोन-तीनदा आतबाहेर करा. त्यानंतर जेट काढून बेन्सिना बाहेर वाहू द्या (अर्थात आग जवळ नको), मग जेट परत बसवा. नुसतं जेट टोचून भागत नाही, कारण नळीतला चिकटा पुन्हा तिथेच येऊन बसतो.

पंपाची चामडी टोपी कोरडी असेल तर खाद्यतेलाचे दोन थेंब लावून कडा बोटांनी फाकवा. हात दुखेपर्यंत पंप मारावा लागतो याचं बहुतेक हेच कारण. बाटली खुणेपर्यंतच भरा, वर हवेला जागा लागते.

आणि वर गेल्यावर पंप कमी मारा. 4,300 मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या साठेक टक्केच, तेवढ्याच इंधनाला प्राणवायू पुरत नाही आणि चांगल्या बेन्सिनाचीही ज्योत पिवळी पडते. नळी तापल्याशिवाय झडप उघडू नका. वारा अडवायचा पत्रा चारही बाजूंनी पूर्ण बंद करू नका, खालून हवा जायला फट ठेवा.

सोनचाफा
पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा डाळ-तांदूळ नेऊ नका, शिजता शिजत नाही आणि इंधन जातं. पातळ पोहे, भाजलेला रवा, शेवया न्या.

मुक्काम_पोस्ट
कुणी विचारलं नाही तरी सांगतो. पेरूहून परतताना भारतात पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड मागतात. वायवाशला डास नाहीत, पण नियम देशाला लागू आहे. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरतात. घेतली नसेल तर ट्रेकच्या आधीच घ्या, तेवढे दिवस डोंगरात जातील.

वाटसरू_पुणे
कार्ड आहे. बेन्सिना किती घेऊ? वाटेतल्या वायापा गावात मिळेल ना?

कातळमाथा
वायापावर विसंबू नका, तिथल्या छोट्या दुकानांत नूडल्स-बिस्किटांपलीकडे काही गृहीत धरू नका. माणशी रोज 110 ते 120 मिली धरा. दोघांना आठ दिवसांचं पावणेदोन ते दोन लिटर. बर्फ वितळवायला लागत नाही, प्रत्येक मुक्कामाशी ओढे आहेत.

डोंगरवेडी
त्या ओढ्यांवर गाई-मेंढ्या चरतात. 2,000 मीटरच्या वर पाणी तीन मिनिटं खळखळ उकळावं लागतं, ते इंधन धरलंत का? फिल्टर न्या.

कातळमाथा
फिल्टर रात्री गोठला तर आतले तंतू फुटतात, बाहेरून कळत नाही. तोही स्लीपिंग बॅगमध्ये. सोबत क्लोरीनच्या गोळ्या हव्यातच. आणि गावोगावच्या शुल्कासाठी सुट्टे सोल (पेरूचं चलन) ठेवा, पावत्या जपून ठेवा, पुढच्या मुक्कामावर दाखवायला लागतात.

वाटसरू_पुणे
बेन्सिना मिळालं, कागदावर डाग नाही. ज्योत आता निळी आहे. पण पंप आणि नळी जुळतात तिथे ओल दिसते.

कातळमाथा
आत्ताच विझवा. ती ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबरी कडी, गळतेय. काढून बघा. तडा गेलेला असेल किंवा कडक झाली असेल तर बदला, तेल लावून भागवू नका. सुटे भाग सोबत नसतील तर आजचा उरलेला दिवस वाराझच्या दुकानांत त्यासाठीच घालवा. गळती असताना तंबूच्या जवळपासही पेटवू नका. नवी बसवली की आधी न पेटवता दाब भरून दहा मिनिटं ठेवा. जोडावर बोट फिरवा, कोरडं असेल तरच पेटवा.