मदत हवी आहे: फ्लॅश लागतोय, तरी कार्टनचा फोटो काळा, एक्स्पोजर वाढवलं की आकडे फासटतात

वेर्णा_पॅकिंग
कार्टनवरचा बॅच नंबर आणि एक्स्पायरी वाचायला कॅमेरा बसवलाय. एक्स्पोजर, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, ५०० मायक्रोसेकंद ठेवलं की वर एक बारीक पट्टी उजळते, बाकी सगळं काळं. ४० मिलिसेकंदांना पूर्ण फोटो दिसतो, पण आकड्यांच्या जागी नुसता करडा पट्टा. फ्लॅश कॅमेऱ्याच्याच आउटपुटवर आहे. वायरिंग दोनदा तपासलं. चवथीच्या सुट्टीआधी लाईन सोपवायची आहे, काय बदलू?

कुंडईची_लाईन
लाईनचा वेग? एका पिक्सेलमध्ये किती मिमी? शटर ग्लोबल की रोलिंग? एवढं कळल्याशिवाय कोणीही सांगितलं तरी तो अंदाजच.

गेन_वाढवा
गेन, म्हणजे कॅमेऱ्याने सिग्नल वाढवणं, १८ डीबी करा. उजेड आठपट दिसेल, खर्च शून्य.

कुंडईची_लाईन
@गेन_वाढवा, ज्या ओळींवर फ्लॅश पडलाच नाही त्यांना आठने गुणून काय मिळणार? आणि १८ डीबीला इंकजेटच्या ठिपक्यांच्या कडा दाणेदार होतात. मग ३ आणि ८ मध्येच घोळ होतो.

वेर्णा_पॅकिंग
वेग मिनिटाला २४ मीटर, १२० कार्टन. पिक्सेल ०.१ मिमी. शटर रोलिंग. पूर्ण फ्रेम वाचायला ३३ मिलिसेकंद असं मॅन्युअलमध्ये आहे. त्याचा फ्लॅशशी काय संबंध?

कुंडईची_लाईन
सगळा संबंध तिथेच. रोलिंग शटर ओळीमागून ओळ उघडतं. पहिली ओळ उघडल्यावर शेवटची उघडायला तुमच्याकडे ३३ मिलिसेकंद लागतात. ५०० मायक्रोसेकंदांचा फ्लॅश वरच्या थोड्या ओळींनाच मिळतो, खालच्या उघडेपर्यंत तो विझलेला असतो. ४० ला सगळ्या ओळींना काही ना काही उजेड मिळतो, पण फ्लॅशही तितकाच वेळ जळतोय ना? सेकंदाला ४०० मिमी वेग, म्हणजे तेवढ्यात कार्टन १६ मिमी सरकलं. आकडे राहतीलच कसे!

ग्लोबल शटरचा, म्हणजे सगळ्या ओळी एकदम उघडणारा कॅमेरा घ्या, तोच खरा उपाय. १०० मायक्रोसेकंद एक्स्पोजर आणि तेवढाच फ्लॅश. कार्टन ०.०४ मिमी सरकेल, अर्ध्या पिक्सेलपेक्षा कमी.

वेर्णा_पॅकिंग
नवीन कॅमेरा चवथीआधी मिळणार नाही. याच कॅमेऱ्यावर सांगा.

म्हापसा_ऑप्टिक्सवेडा
याच कॅमेऱ्यावर जमतं, पण कॅमेऱ्याभोवती कव्हर घालून आत अंधार हवा, नाहीतर उघड्या शटरमधून बाहेरचा उजेडही शिरतो आणि आकडे फासटतात. एक्स्पोजर ४० मिलिसेकंदच ठेवा. ३३ ते ४० या ७ मिलिसेकंदांत सगळ्या ओळी एकाच वेळी उघड्या असतात. फ्लॅशला ३५ मिलिसेकंदांचा विलंब द्या आणि पल्स १०० मायक्रोसेकंद. काही कॅमेऱ्यांत आउटपुटला फ्लॅश विंडो असा पर्याय असतो, तो निवडला तर विलंब हाताने मोजावा लागत नाही. ३५ मिलिसेकंदांत कार्टन, ते आलं की फोटो सुरू करणाऱ्या सेन्सरपासून १४ मिमी पुढे जातं, त्या हिशेबाने सेन्सर मागे घ्या.

ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो गेन बंद आहेत का? नसतील तर प्रत्येक फोटो वेगळा येईल.

गेन_वाढवा
१०० मायक्रोसेकंदांत उजेड पुरेल कुठून? म्हणूनच गेन म्हणत होतो.

म्हापसा_ऑप्टिक्सवेडा
प्रश्न बरोबर आहे. थांबलेल्या कार्टनवर साध्या दिव्याने १० मिलिसेकंद पुरत असतील, तर आता १०० पट तीव्रता हवी. स्ट्रोब कंट्रोलरने (फ्लॅश चालवणारं यंत्र) ओव्हरड्राइव्ह, म्हणजे क्षणभर नेहमीपेक्षा जास्त करंट, १० पट, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ वरून एफ ४ केलं की ४ पट, गेन ६ डीबी म्हणजे २ पट. झाले ८०. उरलेलं दिवा जवळ आणून भागतं. एफ ४ ला फोकसची खोली कमी होते, म्हणून बाजूचे गाइड घट्ट हवेत, कार्टन डुलता कामा नये. ओव्हरड्राइव्हची मर्यादा दिव्याच्या डेटाशीटमध्ये बघूनच. आत करंट रेग्युलेटर असलेला साधा २४ व्होल्टचा दिवा ओव्हरड्राइव्ह होत नाही, व्होल्टेज वाढवलं तर जळतो.

फिल्टर_लावा
अंधाराची कटकट कशाला? लाल फ्लॅश आणि लेन्सवर फक्त लाल उजेड आत सोडणारा बँडपास फिल्टर, ट्यूबलाइटचा बराचसा उजेड कापला जातो.

कुंडईची_लाईन
बराचसा, सगळा नाही. ४० मिलिसेकंद उघड्या शटरला उरलेलाही पुरतो. शिवाय कार्टनवर लाल छपाई असेल तर लाल उजेडात ती पांढऱ्यात मिसळते. आधी छपाईचा रंग विचारा.

फिल्टर_लावा
मिसळली तर बरंच की, मागची लाल नक्षी गेली की काळे आकडे उठून दिसतात.

थिवी_मेंटेनन्स
पावसाळ्यात एसी खोलीतून लेन्स थेट बाहेर काढू नका, दमट हवेने काचेवर धुकं धरतं. डबीत बंद ठेवूनच बाहेर आणा.

क्यूआर_तज्ज्ञ
बॅच नंबरऐवजी डेटा मॅट्रिक्स, म्हणजे क्यूआरसारखा चौकोनी कोड छापा. त्यात चूक दुरुस्त करायची सोय असते.

वेर्णा_पॅकिंग
छपाई बदलता येत नाही, मंजूर आर्टवर्क आहे. आकडे काळे, कार्टनवरचा छापील पट्टा निळा. कव्हरच्या आतला उजेड पुरेसा कमी झाला हे ओळखायचं कसं?

म्हापसा_ऑप्टिक्सवेडा
फ्लॅशची वायर काढा, बाकी सेटिंग तशीच ठेवून चालत्या लाईनवर फोटो घ्या. पांढऱ्या कार्टनची ग्रे पातळी, म्हणजे फोटोतला उजळपणा, २५५ पैकी ५ च्या आत हवी. जास्त असेल तर तेवढा फासटलेला उजेड प्रत्येक फोटोत मिसळणार. दिवसा, खिडकीतून ऊन येत असतानाच मोजा.

वेर्णा_पॅकिंग
आत्ता मोजलं, ३८. काळ्या पत्र्याचं तात्पुरतं कव्हर धरल्यावर ११. कार्टन आत-बाहेर जाण्याच्या फटीतून उजेड येतोय.

म्हापसा_ऑप्टिक्सवेडा
कव्हर दोन्ही बाजूंना १५०-२०० मिमी लांबवा, आतून मॅट काळा रंग द्या. चकचकीत पत्रा उजेड आत परतवतो. फटीवर काळ्या रबराची झालर लावा, पण ती कार्टनला इतकी हलकी घासली पाहिजे की ताजी शाई पुसणार नाही. प्रिंटर कॅमेऱ्याच्या किती आधी आहे?

वेर्णा_पॅकिंग
६०० मिमी.

कुंडईची_लाईन
म्हणजे दीड सेकंद. शाई एवढ्यात सुकते का हे आधी बोट फिरवून बघा. नसेल तर झालर नको, कव्हरच लांबवा.