नटशेल = टरफल? कवच? की आणखी काही?

पराटी: आमच्या गावच्या वाचनालयात (यवतमाळ जिल्हा) रविवारी इयान मॅकइवनच्या 'नटशेल' (2016) या कादंबरीवर बोलायचंय. गोष्ट 'हॅम्लेट'चीच, पण सांगणारा आईच्या पोटात, डोकं खाली पाय वर. आई आणि सख्खा काका मिळून बापाचा काटा काढायचं ठरवतात, हा आतून सगळं ऐकतो. शीर्षक मूळ नाटकातलंच: टरफलात कोंडलं तरी मी स्वतःला अफाट मुलखाचा राजा समजेन, असं हॅम्लेट म्हणतो. फळ्यावर 'टरफल' लिहिलं तर ग्रंथपाल काका म्हणाले, "टरफल तं फेकायची चीज हाये बावा, त्यात राजा कसा राहीन?" कवच लिहू का?

रहाटगाडगं: कवच म्हटलं की कर्ण येतो, आणि तुमचा नायक तर अभिमन्यू. टरफलच ठेवा. भुईमुगाची शेंग कानाशी हलवून बघा, दाणा खुळखुळतो की नाही?

कडबा: टरफल म्हटलं की टिळक! आता बघा: 1882 साली टिळक-आगरकर 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. 'हॅम्लेट'चं आगरकरांनी केलेलं रूपांतर 'विकारविलसित' आलं 1883 साली. आणि आगरकर मॅट्रिक झाले ते अकोल्यातून. म्हणजे हे नाटक अर्धं वऱ्हाडचंच.

रहाटगाडगं: अर्धं वगैरे नाही हो. पण नावात सूड नाही, विकार आहे, हे लक्षात घ्या.

शुद्धमती: पराटीताई, भाषणात 'बदला' म्हणू नका. तो अरबी 'बदल'वरून आलाय. 'सूड' म्हणा.

धुरकरी: सूड पुस्तकात राहतो ताई. आमच्या शेजाऱ्यानं धुरा कोरला, दरसाल वीतभर. आजा भांडला नाही, कोर्टात गेला नाही. अकरा वर्षं त्याच्या बांधावरून जाताना फक्त खाकरायचा. लोक म्हणत, "बुड्यानं डूख धरला." आता याले सूड म्हणता का?

शुद्धमती: डूख धरणे ही आधीची पायरी, सूड ही कृती. आणि वऱ्हाडात बांधाला धुरा म्हणतात ना? मग आजा 'बांधावरून' कसा गेला?

धुरकरी: तुमच्यासाठी लेवलं तसं.

कडबा: वचपा, उट्टं राहिलंच. पण हॅम्लेटला काहीच लागू पडत नाही, तो नुसता खाकरतच राहतो :)

पराटी: पोटातलं पोर तेवढंही करू शकत नाही! बाप मरतो, मूळ नाटकात कानात विष ओतून, इथं पेयातून. आई आणि काका पळायच्या बेतात, तेव्हा हा नखानं पाणमोट फोडतो. एवढंच त्याच्या हातात. याला तुम्ही काय म्हणाल?

मोहफूल: शेवट सांगून टाकलात की! पण 'पाणमोट' वाचून थांबले. आजी सुईणपण करायची, गावात म्हणत, "मोट फुटली, पाणी तापवा." विहिरीवरची मोट तीच, चामड्याची. मग शीर्षकच 'पाणमोट' का नको?

शुद्धमती: मूळ शब्दात कठीण सालीचा अर्थ आहे. मोट मऊ.

मोहफूल: आतल्या पोराला विचारा मऊ की कठीण.

रहाटगाडगं: विहिरीची मोट आणि गवताची मोट एकच का? मोळी वेगळी...

धुरकरी: गवताचा भारा असते. मोट नाई.

पराटी: फळा अजून कोराच आहे. काकांनी तोवर खडूनं खाली 'चहा मिळेल' लिहून टाकलं.