सरकारी जंगल सुधारून लाकूड वाढवायचं का?

चौकटवाला:
घराचं काम काढलंय. सुताराने चौकटीला सागवान सांगितलं, विचारलं कुठलं, तर म्हणे घाना नाहीतर इक्वेडोर. म्यानमारने 2014 ला गोल लाकडाची निर्यात बंद केली तेव्हापासून हेच चाललंय म्हणे. पॅकिंगच्या फळ्या बघाव्या तर न्यूझीलंडचा पाइन, कांडल्याला उतरलेला. आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत एवढं सरकारी जंगल, त्यातलं कितीतरी उजाड पडलेलं! ते नीट सुधारा, साग लावा, विरळणी करा, लाकूड काढा, परत लावा. जंगलही वाढेल, लाकूडही मिळेल. 2023 ला अयोध्येच्या मंदिराला सागवान बल्लारपूरहूनच गेलं ना, मग माझ्या चौकटीने काय पाप केलंय?

कूपनंबर७:
पाप काही नाही राजेहो, पण "उजाड" कोणाच्या नजरेने ते सांगा. वन विकास महामंडळ 1974 ला निघालं ते हेच बोलत, की मिश्र जंगलातून उत्पन्न कमी येते म्हणून ते तोडा आन् सागाचं रोपवन लावा. कागदावर कमी उत्पन्नाचं जे जंगल होतं त्यात मोह, चार (चारोळीचं झाड), तेंदू, ऐन, बेहडा उभे होते. मोहफुलं वेचून घर चालते, सागाखाली काय वेचता? त्याचा पाला गुरं पण खात नाही आन् उन्हाळ्यात वाळला की वणव्याला आयतं जळण. याला सुधारणा म्हणत असाल तर शेत काढून पार्किंग केलं तर तीही सुधारणाच.

चौकटवाला:
पार्किंगचं उदाहरण जरा जास्त झालं. जंगल तोडा असं मी म्हणत नाहीये, जिथे नुसती खुरटी झुडपं उरलीत तिथलं बोलतोय.

निवृत्त_वनमजूर:
दोघंही थोडं थोडं बरोबर. 2 बाय 2 मीटरवर लावलं की हेक्टरी 2500 रोपं बसतात, मग विरळण्या वेळेवर नाही झाल्या तर सगळी झाडं काठीसारखी उंच होतात आणि जाडी भरत नाही. जिथे जुने खुंट जिवंत आहेत तिथे तर लावायचीही गरज नसते, चराई आणि आग चार-पाच वर्षं थांबवा, फुटवे आपोआप येतात. पण त्याचे फोटो काढता येत नाहीत ना, खड्डे खणले की बिल निघतं (हे माझं मत हं, भांडू नका).

धुऱ्यावरचा_साग:
सरकारी जंगलाच्या मागे लागता कशाला पण? देशातलं बहुतेक लाकूड शेतातूनच येतं, हरियाणातल्या यमुनानगरचं बहुतेक प्लायवूड शेतकऱ्याच्या पॉप्लर-निलगिरीवर चालतं. 1988 च्या वन धोरणातही लिहिलंय की कारखान्यांनी लाकूड शेतकऱ्यांकडून घ्यावं आणि त्यासाठी नैसर्गिक जंगल तोडू नये. माझ्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सागाची झाडं आहेत, वडिलांनी लावलेली. तोडायची म्हटलं की 1964 च्या झाडतोड कायद्याची परवानगी, मग सातबारा, मोजणी, पंचनामा, वाहतूक पास, शेवटी व्यापारीच म्हणतो उभंच द्या मी बघतो, आणि भाव तो ठरवतो. आधी हे सोपं करा, मग इक्वेडोरला शिव्या द्या.

चौकटवाला:
पटलं. पण तुमचा धुराही 40-50 वर्षांचाच साग देणार, मोठ्या घेराचं लाकूड शेवटी जंगलातच तयार होतं. तिथे कोणीतरी 80 वर्षं थांबायला तयार पाहिजे.

कूपनंबर७:
80 वर्षं तिथे राहणाराच थांबते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 ला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क, भेटला आन् 2011 पासून बांबूचे वाहतूक पास ग्रामसभाच देते. चंद्रपूरचं पाचगावही बांबू विकून मजुरी घरीच कमावते. त्यांना विचारा किती काढायचं, काय ठेवायचं. तुमची चौकटही निघन त्यातून, पण रांगेत उभं रहा लागन.

चौकटवाला:
राहतो ना. पण पावसाळ्याआधी दरवाजा लावायचाय. सुताराला काय सांगू?

निवृत्त_वनमजूर:
बाभूळ सांगा. धावडाही चालेल, मिळाला तर.