'छेदविरहित' की 'बिनटाक्याची'? पोटावर चीर न देता होणाऱ्या शस्त्रक्रियेचे मराठी नाव

प्रश्न

पोटाच्या कातडीला चीर न देता तोंडावाटे, गुदद्वारावाटे किंवा योनिमार्गातून दुर्बीण आत नेऊन जी शस्त्रक्रिया करतात, तिच्यासाठी मी एका आरोग्यविषयक लेखाच्या अनुवादात 'छेदविरहित उदरशस्त्रक्रिया' असा शब्द योजला होता. संपादकांनी तो खोडून 'बिनटाक्याची शस्त्रक्रिया' असे केले आहे. डॉक्टरमंडळी 'नॅचरल ऑरिफिस ट्रान्सल्युमिनल एंडोस्कोपिक सर्जरी' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'नोट्स' म्हणतात. पण तो शब्द वाचून मराठी माणसाला परीक्षाच आठवायची. यांपैकी कोणता शब्द ग्राह्य धरावा?

उत्तर

माझ्या मते दोन्ही शब्द वस्तुस्थितीला धरून नाहीत. तोंडावाटे उदरपोकळीत शिरायचे, तर जठराच्या धडधाकट भिंतीला आतून छेद घ्यावाच लागतो आणि काम झाल्यावर तो टाके घालून किंवा क्लिप लावून बंदही करावा लागतो. किंबहुना जठरातले काही पोटात न झिरपू देता तो खात्रीने बंद करणे, हीच या पद्धतीतली मोठी अडचण होऊन बसली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अँथनी कॅलू यांनी डुकरांवर केलेले प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच सुमारास हैदराबादला डॉ. जी. व्ही. राव व डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांनी माणसाचे आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) याच वाटेने काढून दाखवले. २ एप्रिल २००७ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबूर येथे जाक मारेस्को यांच्या चमूने एका स्त्रीचे पित्ताशय योनिमार्गातून काढले, तेव्हाही पोटात वायू भरण्यासाठी दोन मिलिमीटर जाडीची नळी कातडीतून घातलेली होतीच.

'बिनटाक्याची' हा शब्द तर मोतीबिंदूच्या आणि पुरुष नसबंदीच्या शिबिरांनी केव्हाच अडवून ठेवला आहे. 'दुर्बिणीतून' म्हणावे, तर पोटाला तीन-चार भोके पाडून होणारे ऑपरेशनही दुर्बिणीतूनच होते. (दूरचे पाहण्यासाठी असलेल्या फारसी शब्दाला आपण पोटाच्या आत डोकावायला लावले, ही गंमत वेगळीच.)

'छेद' या शब्दापाशी मात्र थोडे थांबायला हवे. सुश्रुताने सांगितलेल्या आठ शस्त्रकर्मांत छेद्य म्हणजे कापून वेगळे काढणे आणि भेद्य म्हणजे चिरून उघडणे. आज आपण ज्याला छेद म्हणतो, तो त्याच्या लेखी भेद आहे. त्या हिशेबाने पाहिले, तर पित्ताशयाच्या या शस्त्रक्रियेत योनिमार्गाची भिंत उघडणे हे भेद्य, पित्ताशय सोडवणे हे छेद्य, ते ओढून बाहेर आणणे हे आहार्य आणि शेवटी भिंत शिवणे हे सीव्य. एवढी कर्मे होऊन जिला 'छेदविरहित' म्हणायचे, ती शस्त्रक्रिया कसली?

दुसरे मत

वरील विवेचन मान्य आहे. परंतु रुग्णाच्या दृष्टीने जे खरोखर टळते, त्याला मराठीत नेमका शब्द आहे, तो म्हणजे 'वण'. संस्कृत 'व्रण' म्हणजे जखम, आणि त्याच्यापासून आलेला आपला 'वण' म्हणजे जखम भरल्यावर मागे राहिलेली खूण. देवीचे वण आपण म्हणतोच. म्हणून 'पोटावर वण न राहणारी शस्त्रक्रिया' असे म्हणावे.

पहिल्या उत्तरात भर

'वण' चपखल आहे, मात्र तो परिणाम सांगतो, वाट सांगत नाही, आणि शस्त्रक्रियेचे नाव वाटेवरूनच पडले आहे. वाटेसाठी 'छिद्र' नको, कारण त्यात वैगुण्याची छटा आहे. 'रंध्र' म्हटले की घामाची किंवा पानांवरची सूक्ष्म भोके डोळ्यांपुढे येतात. गुदद्वार, मूत्रद्वार आणि गीतेतले नवद्वारांचे पूर हे सगळे 'द्वार' या शब्दाकडेच बोट दाखवतात. म्हणून मी 'नैसर्गिक द्वारमार्गी शस्त्रक्रिया' असे म्हणेन. 'उदर' हा शब्द नावात नसून आधीच्या वाक्यात असलेला बरा. कारण २००८ मध्ये जपानमध्ये हारुहिरो इनोए यांनी सुरू केलेली, अन्ननलिकेचा आवळलेला स्नायू तोंडावाटे आतून कापण्याची पद्धत याच कुळातली असूनही उदरपोकळीत शिरत नाही.

प्रश्नकर्तीकडून

आभारी आहे. वाक्य आता असे केले आहे: 'नैसर्गिक द्वारमार्गी शस्त्रक्रियेत पित्ताशय योनिमार्गातून काढले जाते, पोटावर दिसेल असा वण सहसा राहत नाही, आत मात्र टाके असतात.' संपादकांनी 'द्वारमार्गी' ठेवला आहे. 'वण' हा शब्द त्यांच्या मुलीला कळला नाही, म्हणून पुढे 'म्हणजे जखमेची खूण' एवढे जोडले.