इम्पोर्टला काय म्हणायचं? आयात, आवक, भरणं की खतावणं?

रानजाई
एक अडलंय, मदत हवीय. एका संस्थेसाठी खातेदारांच्या याद्या जुळवायचं काम चालू आहे. त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून टेक्स्ट फाईली निघतात, गावागणिक एक, अशा चाळीसेक. मी एक्सेलमध्ये मॅक्रो लिहून दिलाय, बटण दाबलं की फोल्डरमधल्या सगळ्या फाईली एकाखाली एक शीटमध्ये येतात. आता तिथल्या कारकून मंडळींसाठी दोन पानी मराठी टिपण लिहायचंय आणि पहिल्याच ओळीला गाडी अडली. मी लिहिलं, 'फाईल आयात करा'. तिथल्या एक जुन्या बाई म्हणाल्या, "अगं, आयात तेलाची नि डाळीची करतात. ही फाईल तर याच कंप्युटरवर आहे." मग काय म्हणू विचारलं तर म्हणाल्या, "भरून घ्या म्हण." पण 'भरा' लिहिलं तर कुणीतरी एकेक नाव टाईप करायला बसेल अशी मला खरंच भीती वाटते. तुम्ही काय लिहाल?

अनुस्वार
आयातच बरोबर आहे. 'आ' उपसर्ग आणि 'या' म्हणजे जाणे हा धातू, आयात म्हणजे आलेलं. देशाची हद्द त्या शब्दात मुळात नाहीच, ती व्यापाराच्या बातम्यांनी चिकटवली. लोकांना सवय नाही म्हणून शब्द टाकायचा नसतो, वापरून रुळवायचा असतो. दिनांक आणि महापौर हे शब्दही कुणीतरी आग्रहाने वापरले म्हणूनच आज आपल्याला परके वाटत नाहीत. त्याच न्यायाने मॅक्रोला आज्ञावली म्हणा आणि डिलिमिटरला, म्हणजे रकाने वेगळे करणाऱ्या चिन्हाला, परिसीमक.

अडतवाला
ताई, 'आवक' लिहा. आमच्या बाजार समितीत रोज सकाळी फळ्यावर कांद्याची आवक लिहितात, तो कांदा काय परदेशातून येतो का, शेजारच्या गावातून येतो. आणि कारकुनांना तर हा शब्द शिकवावाच लागणार नाही, प्रत्येक ऑफिसात आवक-जावक वही असते, आलेल्या कागदावर आवक क्रमांक पडतो. गुजरातीत आवक म्हणजे उत्पन्न, आववुं म्हणजे येणं, व्यापाराबरोबर तो शब्द आपल्याकडे आला असं मला वाटतं. आणि आयात म्हणजे आयतं मिळालेलं, हेही एकाच कुळातलं असणार.

तिसरी_घंटा
अडतवाला दादा, आवक पटलं, आयता-आयात नाही पटलं. कानाला जुळलं म्हणजे मूळ जुळलं असं नसतं. आणि आवक हे नाम आहे, त्याचं क्रियापद कसं करणार? 'फाईल आवक करा' असं कुणी बोलेल का?
अनुस्वार यांना एक विनंती, आज्ञावली आपण अख्ख्या प्रोग्रामला म्हणतो, मग त्यातल्या एका मॅक्रोला वेगळं काय म्हणायचं? मॅक्रो म्हणजे ग्रीकमध्ये मोठं, लांब. एक छोटा शब्द लिहायचा आणि त्यातून मोठं काम उलगडतं म्हणून ते नाव. मॅक्रो इकॉनॉमिक्सला आपण समग्रलक्षी अर्थशास्त्र म्हणतो, म्हणून इथे समग्र-आज्ञा म्हणायचं का? मी तर 'तो मॅक्रो' म्हणते. आमच्या ऑफिसात निम्मे 'ते मॅक्रो' म्हणतात आणि त्यावरूनही वाद होतात.

मधली_सुट्टी
परिसीमक लिहू नका हो, हात जोडून सांगतो. मी शिकवतो, पोरं त्या शब्दाला घाबरतात. 'रकाने कशाने तोडलेत' असं लिहा, लगेच कळतं. स्वल्पविरामाने तोडलेत, टॅबने तोडलेत किंवा उभ्या दांडीने तोडलेत.

अनुस्वार
उभी दांडी नाही, दंड. आपल्या जुन्या पोथ्यांत वाक्य संपलं की दंडच असायचा.

मधली_सुट्टी
पोथीतला दंड आणि कीबोर्डवरची पाईप ही दोन वेगळी चिन्हं आहेत, दिसतात सारखी. कुणी फाईलमध्ये खरोखरचा देवनागरी दंड टाकला तर मॅक्रो तोडणारच नाही, अख्खी ओळ एकाच रकान्यात येऊन पडेल. शुद्धतेपायी माणसाचं काम अडता कामा नये.

रानजाई
सगळ्यांचे आभार, पण काल एक प्रकार झाला आणि त्यामुळे माझा शब्दाचा प्रश्नच बदलला. याद्यांमध्ये गट नंबर आणि हिस्सा आहे, १२/३ असा. फाईल हाताने डबल क्लिक करून उघडली तर एक्सेलने त्याची १२ मार्च केली. तीच फाईल मॅक्रोने उघडली तर ३ डिसेंबर झाली! मॅक्रो तारखा अमेरिकन पद्धतीने, महिना आधी धरून वाचतो, इथल्या पद्धतीने वाच म्हणून त्याला लोकल ट्रू असं मुद्दाम सांगावं लागतं. आणि ११८/२ मात्र जसंच्या तसं राहिलं, कारण त्याची तारीखच होत नाही, म्हणून वरवर चाळताना काही कळलंही नाही. नंतर सेल टेक्स्ट करून पाहिला तर १२/३ परत येत नाही, ४५७२८ असा आकडा येतो, म्हणजे २०२५ सालच्या १२ मार्चचा एक्सेलमधला अनुक्रमांक. एका खातेदाराची जमीन कागदावर तारीख होऊन बसली. पोटात गोळाच आला माझ्या.

पेशी_पेशी
हे आमच्याकडे फार जुनं दुखणं आहे. जनुकांची नावं मार्च१, सेप्ट१ अशी होती, एक्सेल त्यांच्या तारखा करायचा. शेवटी २०२० साली जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलली, मार्च१ चं मार्चएफ१ आणि सेप्ट१ चं सेप्टिन१ झालं. तुम्हाला गट नंबर तर बदलता येणार नाहीत, तेव्हा मॅक्रोतल्या ओपनटेक्स्ट या फाईल उघडायच्या आज्ञेत फील्डइन्फो, म्हणजे कुठला रकाना कसा वाचायचा ते, देऊन त्या रकान्याला २ लावा, २ म्हणजे टेक्स्ट. पण फाईलचं शेपूट सीएसव्ही असेल तर एक्सेल फील्डइन्फोकडे बघतच नाही, आधी ते बदलून टीएक्सटी करा. आणि नावं मराठीत असतील तर त्याच आज्ञेत ओरिजिन ६५००१ द्या, तो यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीचा नंबर, नाहीतर नावांच्या जागी टोपीवाल्या इंग्रजी अक्षरांची गिचमिड येते.

कीर्दखाते
मी बँकेतून निवृत्त झालोय, संगणक येण्याआधीची वीस वर्षं हातानं लिहिण्यात गेली. या कामाला आपल्याकडे शब्द होता, आहे. खतावणे. दिवसभराचे व्यवहार रोजकीर्दीत घडतील त्या क्रमाने ओळीओळीने लिहायचे, ती तुमची टेक्स्ट फाईल. मग संध्याकाळी बसून एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर उचलायची, ते खतावणं, ती वही खतावणी. खतावताना बोट ओळीवर ठेवून वाचायचं, ही तारीख, हे नाव, ही रक्कम, आणि रक्कम चुकून पानाच्या रकान्यात पडली तर रात्री ताळा जमायचा नाही, सगळे थांबायचे. तुमचा मॅक्रो हेच करतो, फक्त बोट न ठेवता.

तिसरी_घंटा
काका, किती नेमका शब्द! फाईल खतावून घ्या.

अनुस्वार
शब्द सुंदर आहे, पण मग खत, खाते, खतावणी यांचं मूळही तपासा. खत म्हणजे पत्र, दस्त, ते अरबीतून आलेलं आहे. आयात संस्कृत म्हणून नको आणि खतावणी अरबीकडून आली तरी चालेल, हा न्याय मला समजत नाही.

अडतवाला
तीनशे वर्षं वापरल्यावर अरबी कसली, ती आपलीच.

मधली_सुट्टी
माझं वेगळं म्हणणं आहे. खतावण्यात माल वेगवेगळ्या खात्यांवर वाटला जातो, इथे तर सगळं एकाच शीटवर एकाखाली एक येतंय. जमिनीच्याच याद्या आहेत तर आपण सातबाराचा काय घेतो? उतारा! मग 'फाईल उतरवून घ्या' लिहा. खेड्यातल्या कुठल्याही माणसाला कळेल.

रानजाई
उतरवून घ्या... हे मनात बसलं. आणि उतारा म्हणजे मुळात आहे तसं, काना-मात्रा न बदलता. १२/३ ची तारीख झाली तर तो उतारा राहिलाच नाही, हेही टिपणात सांगता येईल. मी आता सगळ्याच रकान्यांना २ लावलाय, बेरजेचे रकाने नंतर आकडे करून घेते.

कीर्दखाते
पण ताई, उताऱ्यात माणूस नुसती नक्कल करतो, वाचत नाही. खतावणारा वाचतो. मला अजून वाटतं खतावणंच.

अनुस्वार
आणि उतारा देवीलाही असतो, दृष्ट काढतानाही असतो. आयातीला एकच अर्थ आहे.

तिसरी_घंटा
आमच्या आजोळी खतावणे नाही, खतवणे म्हणायचे. मूळ रूप कोणतं? काका, तुमच्याकडे 'ता' नक्की होता का?

कीर्दखाते
आमच्या शाखेत 'ता' होता. कोकणातून आलेले एक हेडक्लार्क होते, ते मात्र खतवणे म्हणत. सविस्तर रात्री लिहितो.

रानजाई
उद्या सकाळी टिपण झेरॉक्सला द्यायचंय. आत्ता पहिली ओळ अशी आहे: 'बटण दाबून फाईल शीटमध्ये उतरवून घ्या, मग पाच ओळींवर बोट ठेवून गट नंबर मूळ यादीशी ताडून बघा.' त्या बाईंना फोनवर वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "बोट ठेवून, हे चांगलं लिहिलंस. पण शीट म्हणजे कुठली, पहिली की दुसरी?"