आयुष्मान कार्डाच्या कामात शिक्षकांचे किती तास जातात, ते मोजायचे कसे?

केंद्रप्रमुख, करवीर:
केंद्रात ५ शाळा, सगळा मिळून ४७ जणांचा स्टाफ. मुलांची आयुष्मान कार्डं, त्यासाठी रेशनकार्डावर नाव चढवणं, आधारला मोबाइल नंबर जोडून घेणं, आरबीएसकेच्या (मुलांच्या आरोग्य तपासणीचा सरकारी कार्यक्रम) तपासणीनंतर सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) पाठवायचे कागद हे सगळं वर्गशिक्षकांकडे येतं. तपासणीत एखाद्या मुलाच्या हृदयाला छिद्र निघालं तर कागद आधीच तयार असलेले बरे, त्यामुळे काम टाळायचं नाही. पण त्यासाठी माणूस मागायचा तर तास दाखवायला हवेत. महिनाअखेरीला तक्ता भरून घेतला, त्यात कुणी २ तास लिहिलेत, कुणी ४०. खरा आकडा कसा काढायचा?

संख्याशास्त्रवाला:
सर, तो तक्ता बाजूला ठेवा. महिन्याभराचे तास आठवून कुणालाच नीट लिहिता येत नाहीत. ज्या दिवशी ओटीपी आला नाही तोच दिवस डोक्यात राहतो. अमेरिकेत मेडिकेडच्या (गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना) कामाचा खर्च शाळा सरकारकडून मागतात तेव्हा ‘यादृच्छिक क्षण’ पद्धत वापरतात. तीच इथे लावा. एखादा क्षण चिठ्ठी काढल्यासारखा निवडायचा आणि त्या मिनिटाला तो माणूस काय करत होता एवढंच विचारायचं.

४ आठवडे धरा. सोमवार ते शुक्रवार ३९० मिनिटं, शनिवारी २१०, म्हणजे माणशी ८,६४० मिनिटं. ४७ जणांची ४,०६,०८०. ९५% खात्री आणि ५% चूक चालणार असेल तर ३८५ क्षण पुरतात. काही उत्तरं येणार नाहीत, म्हणून १५% वाढवून ४४३ काढा. एक्सेलमध्ये १ ते ४,०६,०८० मधले ४४३ आकडे रँडबिटवीनने (कोणताही आकडा आपोआप काढणारं सूत्र) घ्या, दोनदा आलेला बदला. आकड्यातून १ वजा करून ८,६४० ने भागा: भागाकारात १ मिळवला की स्टाफच्या यादीतला क्रमांक, बाकीत १ मिळवला की त्याचं कितवं मिनिट. माणशी साडेनऊच्या आसपास प्रश्न येतात, त्रास नाही.

मेसेज त्या मिनिटालाच जायला हवा, आदल्या दिवशी कळवलं तर सगळं फसलं. उत्तर दोन कामाच्या दिवसांत घ्या. न आलेलं उत्तर ‘काम नव्हतं’ असं धरू नका, वेगळं मोजा. आलेल्या उत्तरांचं प्रमाण ८५% च्या खाली गेलं तर आकडा कुणाला दाखवू नका.

मुख्याध्यापिका, हातकणंगले:
चिठ्ठ्या काढणं सोपं आहे सर, घोळ होतो तो कोड लावताना, म्हणजे कुठलं उत्तर कुठल्या कामात धरायचं ते ठरवताना. प्रश्न तीनच ठेवा: काय करत होता, कोणासाठी, कशासाठी. कोड स्टाफनं लावायचा नाही, एकाच माणसानं सगळी उत्तरं वाचून लावायचा. आधारची दुरुस्ती अपार आयडीसाठी (विद्यार्थ्याचा शैक्षणिक ओळख क्रमांक) चालली असेल तर ते आरोग्याचं काम नाही, आयुष्मानच्या ईकेवायसीसाठी (आधारवरून ओळख पटवणं) असेल तर आहे. काम एकच, हेतू वेगळा. म्हणून ‘आधारचं काम’ एवढंच उत्तर आलं तर परत विचारा. लोहाच्या आणि जंताच्या गोळ्या वाटणं, आरबीएसकेच्या पथकापुढे रांग लावणं ही आरोग्यसेवा झाली; कार्ड मिळवून देणं नव्हे. त्याला दुसरा कोड. शिष्यवृत्तीचे कागदही वेगळे. आणि सर्व्हर फिरत असताना बाई फळ्यावर गणित घेत असतील तर तो क्षण शिकवण्याचा.

संख्याशास्त्रवाला:
ताईंचं बरोबर आहे. हिशेब असा: समजा ४०० उत्तरांपैकी ३१ कार्डाच्या कोडात आली, तर ७.७५%. ४,०६,०८० मिनिटं म्हणजे एकूण ६,७६८ तास, त्यावर ते ५२५ तास होतात. पण सोबत खरा आकडा ज्यात असू शकतो तो पट्टाही लिहा, साधारण ३४७ ते ७०२ तास.

आरोग्य विभागातून:
यात एक वेळ सुटतोय. ओटीपी जातो वडिलांच्या मोबाइलवर, आणि वडील शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला फौंड्रीत शिफ्टवर. फोन लागतो संध्याकाळी सातनंतर. शाळेच्या वेळेतले क्षण काढलेत तर ही मिनिटं कुठेच दिसणार नाहीत. त्यासाठी एक छोटी वही ठेवा, फोन ठेवल्याबरोबर वेळ आणि मिनिटं लिहायची. हे तास टक्केवारीत मिसळू नका, खाली वेगळी ओळ द्या. आणि आरबीएसकेचं पथक येणारा आठवडा या चारांत आहे की नाही, तेही अहवालात लिहा. तो धरून पूर्ण वर्षाला गुणलंत तर आकडा फुगेल.

केंद्रप्रमुख, करवीर:
शाळावार आकडे काढले तर चालतील? प्रत्येक मुख्याध्यापक आपापला मागतील.

संख्याशास्त्रवाला:
नाही चालणार. शाळेमागे ८०-८५ उत्तरं येतील. ८% निघाले तरी वर-खाली ६% ची चूक राहते. केंद्राचा एकच आकडा द्या. शाळावार हवाच असेल तर प्रत्येक शाळेचे ३८५ क्षण लागतील. १० जणांच्या शाळेत ते ४ आठवड्यांत माणशी दिवसाला दीडहून जास्त मेसेज होतात, तिसऱ्या दिवसापासून उत्तरं बंद पडतील. त्यापेक्षा हीच मोजणी पुढच्या सत्रात पुन्हा घ्या.