मदत हवी आहे: पेसमेकर आणि खिशातला मोबाइल

कृष्णाकाठ: वडिलांना नुकताच पेसमेकर बसवला आहे. मोबाइल शर्टाच्या डाव्या खिशात ठेवण्याची त्यांची जुनी सवय, आणि यंत्रही त्याच बाजूला, खांद्याखाली आहे. रुग्णालयातून निघताना ‘मोबाइल जपून वापरा’ एवढेच सांगितले गेले. जपून म्हणजे नेमके कसे? त्यांनी धास्तीने फोन उचलणेच बंद केले आहे, म्हणून कृपया लवकर सांगावे.

रानवाटा: यंत्र साधा पेसमेकर आहे की गरज पडल्यास झटका देणारे आयसीडी? फोन कोणता, आणि त्याच्या कव्हरला चुंबक आहे का?

जलतरंग: खरा धोका लहरींचा आहे. फोनवर *#०७# दाबून एसएआर, म्हणजे शरीर फोनच्या रेडिओलहरींची किती ऊर्जा शोषते तो आकडा, पाहा. भारतात त्याची मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्येच या लहरींना संभाव्य कर्करोगकारक म्हटले आहे. त्यांना बटणांचा फोन घेऊन द्या.

रानवाटा: जलतरंग, पुरावा मर्यादित असल्यामुळेच त्या संस्थेने ‘संभाव्य’ म्हटले, आणि बटणांचा फोनही लहरी सोडतोच. इथे प्रश्न कर्करोगाचा नाही, चुंबकाचा आहे. जोरदार चुंबक अगदी जवळ आले, की बहुतेक पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके न पाहता ठरावीक गतीने चालू लागतात, तर आयसीडी झटका देण्याचे काम तेवढ्यापुरते थांबवू शकते. आयफोन १२ छातीजवळ नेल्यावर असे घडल्याचे २०२१ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी नोंदवले होते. चुंबक दूर केले की यंत्र सहसा पूर्ववत होते. म्हणून फोन यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा.

मोगरा: माझ्या सासूबाई कितीतरी वर्षे पेसमेकरसह फोन वापरत आहेत. त्या उजव्या कानाला लावून निर्धास्तपणे बोलतात आणि एरवी तो कमरेच्या बटव्यात ठेवतात. फोन बंद करण्याची काहीच गरज नाही.

जलतरंग: लहरींचा पेसमेकरवर परिणाम होत नाही, असे तरी कसे म्हणता?

रानवाटा: होऊ शकतो, परंतु हल्लीच्या यंत्रांना त्यापासून संरक्षण असते आणि तेवढे अंतर राखले की तो धोका फारच कमी उरतो.

कृष्णाकाठ: कार्डावर पेसमेकर असेच लिहिले आहे. फोन अँड्रॉइड आहे. कव्हर मिटताना टक् असा आवाज होऊन आपोआप चिकटते. रात्री तो उशीखाली असतो.

रानवाटा: म्हणजे त्या झाकणात चुंबक आहे. कव्हर आजच काढा आणि रात्री फोन टेबलावर ठेवा, कारण झोपेत कूस बदलताना तो छातीखाली येऊ शकतो. पेसमेकरच्या पुढच्या तपासणीला फोन सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवा. दरम्यान चक्कर आली किंवा धडधडले, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका.